एका घराच्या तीन पॉलिसी

१

मागच्या दारातून आत पाय टाकला आणि चप्पल गालिच्यात रुतली. पाणी उपसून झालं होतं, तरी तो गालिचा पिळला असता तर बादली भरली असती. कपाटांच्या खालच्या फळ्या फुगल्या होत्या, भिंतींना गुडघ्यापर्यंत ओल चढली होती, आणि कोपऱ्यातल्या शिलाई मशीनचं लाकूड उकलून पडलं होतं. घर एका म्हाताऱ्या बाईंचं. नवरा शिंपी होता, तो गेल्या वर्षी गेला. बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे राहायला गेल्या, घराला कुलूप लागलं, आणि त्या बंद घरात कितीतरी तास पाणी वाहत राहिलं.

मी सर्व्हेअर. घराच्या विम्याची भरपाई कुणी मागितली की विमा कंपनी मला पाठवते. नुकसान किती झालं आणि कशानं झालं हे बघून सांगायचं, एवढंच माझं काम. ऑफिसातले लोक माझ्या पाठीमागे मला 'खवट मावशी' म्हणतात. म्हणू देत बापडे. माणसं घराचा विमा घेतात तेव्हा त्यात काय आहे आणि काय नाही हे बघतसुद्धा नाहीत. टोमॅटो घेताना चार दाबून बघतील, पॉलिसी मात्र एजंटने बोट ठेवलं तिथे सही करून घेतील. मग घरात पाणी शिरलं की माझ्याकडे बघून रडतात. खवट होऊ नको तर काय होऊ?

सिंकखालचं कपाट उघडायला गेले तर किल्ली उजवीकडे फिरेचना. डावीकडे फिरवली तेव्हा कुलूप निघालं. आत वाकून बघितलं आणि तशीच बसून राहिले.

फुटलेला पाइप मी झोपेतही ओळखेन. हा फुटलेला नव्हता. पाना लावून नट सोडवला होता आणि पाइपचा तुकडा तिथे नव्हताच. भिंतीतून बाहेर आलेलं उघडं तोंड तेवढं माझ्याकडे बघत होतं.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"मॅडम, कुठे आहात? आधी कुठेतरी टेका आणि मग ऐका. त्या घरावर आपल्याकडे एक पॉलिसी नाहीये. तीन आहेत."

२

साहेब माणूस वाईट नाही, पण घाई फार. "इथे पाणी मुरतंय," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. "आईच्या नावावर तीन मुलांनी तीन वेगवेगळ्या एजंटांकडून पॉलिसी काढल्या. तिघांच्याही अर्जात 'दुसरा विमा आहे का' तर 'नाही'. आणि आता पाइप सोडवलेला. मॅडम, हे काय मला पहिल्यांदा दिसतंय? फसवणूक म्हणून लिहा आणि मोकळ्या व्हा. तिन्ही रद्द."

"बघते," म्हटलं मी. मला कुणी काय लिहायचं ते सांगितलं की माझं डोकं फिरतं.

निघण्याआधी मागच्या दाराबाहेर थांबले. तिथे जमिनीतून वर आलेला मुख्य पाइप भिंतीला लागून उभा होता आणि त्यावर लाल दांडीचा कॉक. दांडी पाइपच्या ओळीत उभी असली की पाणी चालू, आडवी केली की बंद. जगात कुठेही जा, असंच. ही दांडी उभी होती. म्हणजे घरातला पाइप सोडवलेला आणि बाहेरचा कॉक चालू. दांडी जुनी होती, रंग उडालेली. तिला धरणारा बोल्ट मात्र नवाकोरा, चकचकीत. मी फोटो काढला.

शेजारच्या बेकरीवाल्या बाई कुंपणापाशी आल्या. दाराखालून पाणी येताना सकाळी त्यांनीच बघितलं होतं आणि अग्निशमन दलाला बोलावलं होतं. जवानांनी पाणी रस्त्यावरूनच तोडलं, कॉकला कुणी हात लावला नाही, असं त्या म्हणाल्या.

"आणि एक सांगू?" त्यांनी आवाज खाली आणला. "त्याच्या काही दिवस आधी एक अनोळखी माणूस इथे मागच्या दाराशी होता. हातात पिशवी. शीळ घालत होता. मला वाटलं मुलांनीच कुणाला पाठवला असेल. आता वाटतंय, विचारायला हवं होतं."

तिथून थेट मुलीच्या घरी गेले. म्हाताऱ्या बाई खिडकीशी बसल्या होत्या, एका डोळ्यावर पट्टी, दुसरा अजून धूसर. माझा आवाज ऐकून त्यांनी हात पुढे केला आणि माझं मनगट धरलं.

"बाई, खरं सांगा. माझं घर मला परत मिळेल ना?"

"प्रयत्न चाललाय, मावशी."

"थोरला म्हणतो, भरपाई नाही मिळाली तर दुरुस्ती झेपायची नाही, विकून टाकू. मग मी तिघांकडे आळीपाळीने राहायचं." त्या थांबल्या. "मी काय लायब्ररीचं पुस्तक आहे? आज ह्याच्याकडे, उद्या तिच्याकडे?"

माझं मनगट त्यांनी सोडलं नाही.

३

थोरल्याचं औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला गोळ्या मोजून देता देताच तो माझ्याशी बोलला.

"मी त्या घराकडे महिनाभर फिरकलेलो नाही, मॅडम. वेळच नाही. पॉलिसी काढली, हो. सगळ्यात स्वस्त होती ती."

"ती फक्त आगीची आहे. पाण्याचं नुकसान त्यात येतच नाही."

त्याचा हात बरणीवर थांबला. "एजंट तर म्हणाला, सगळं येतं."

"सगळे एजंट तेच म्हणतात. भाऊ-बहिणींना सांगितलं होतंत पॉलिसीचं?"

"आम्ही बोलत नाही," तो म्हणाला. "बाबा गेल्यावर मी म्हटलं होतं, घरातलं सगळं एकदा नीट माणसाकडून तपासून घेऊ. धाकट्याने भांडण काढलं. ताई मध्ये पडली, तिच्याशीही बिनसलं." आणि तो लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. काहीतरी सांगायचं त्याने टाळलं, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

धाकटा कुरिअरची व्हॅन चालवतो. व्हॅनच्या पायरीवर बसून डबा खात होता. पाइपचं विचारल्यावर एका झटक्यात कबूल झाला.

"मीच सोडवला. आई येण्याआधी सिंकखालची गळती काढून टाकायची होती. जुना पाइप घेऊन दुकानात गेलो, तर त्या मापाचा नव्हता, दोन दिवसांनी या म्हणाले."

"आणि तोंड तसंच उघडं ठेवून गेलात?"

"पाणी बंद होतं ना, मॅडम. मी आधी सिंकचा नळ सोडून बघितला, थेंब नाही. म्हटलं, घर बंद करताना ताईने बाहेरून बंद केलं असणार. मी कॉककडे गेलोही नाही."

"प्लंबर का नाही बोलावलात?"

त्याने डबा खाली ठेवला. "त्या घरातली एकूण एक वस्तू बाबांनी स्वतःच्या हाताने बसवलीय. कड्या, कुलपं, नळ, सगळं. बाहेरच्याचा हात त्याला लागायला नको. दादाला ते कधी कळलंच नाही."

त्याची पॉलिसी मात्र तिघांत सगळ्यात शहाणी होती. घराची बांधणी, आग, पाणी, सगळं धरलेलं. दिवसभर लोकांच्या दारात उभा राहणारा माणूस, कुणाच्या घराचं काय होतं ते बघत असणार. फक्त घरातल्या सामानाचा त्यात पत्ता नव्हता. सामान होतं ते ताईच्या पॉलिसीत.

ताई शाळेत शिकवते. शाळा सुटल्यावर मी परत तिच्या घरी गेले. पेपर तपासायचं लाल पेन कानावर खोचून माझ्यासमोर बसली आणि वर्गात बोलावं तसं स्पष्ट बोलली.

"आईचा स्वेटर आणायला, पाणी दिसलं त्याच्या आदल्या संध्याकाळी, मीच गेले होते. टॅक्सी दारात थांबवली होती. मागच्या दाराने निघताना बघते तर कॉक चालू. मला धस्स झालं. मी बंद केला आणि आले. म्हणजे पाणी मी बंद केलंय, मॅडम. त्यानंतर कुणी सुरू केलं ते तुम्ही शोधा."

मी वही मिटली. धाकटा म्हणतो, पाणी आधीच बंद होतं. ताई म्हणते, चालू होतं आणि मी बंद केलं. अग्निशमन दलाला ते चालू सापडलं. थोरला म्हणतो, मी फिरकलोच नाही. तिघांपैकी एक तरी धडधडीत खोटं बोलत होता, आणि साहेबांचा फोन पुन्हा वाजत होता.

४

साहेबांना मी संध्याकाळपर्यंतची मुदत मागितली. ताई आत गेली आणि मी निघायला उठले, तर खिडकीशी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी हाक मारली.

"बाई, दार लावून घ्या आणि इकडे या."

मी दार लावलं. म्हाताऱ्या बाईंनी पदराने पट्टीखालचं पाणी टिपलं.

"तुम्ही पोरांना विचारत सुटलायत ते बंद करा. लिहून घ्या. मीच केलंय."

"काय केलंत, मावशी?"

"पाणी सोडलं. ताई शाळेत गेली होती. मी रिक्षा केली, मागच्या अंगणात गेले. कॉकची दांडी उभी होती, ती आडवी केली. पाणी सुटलं. परत येऊन बसले. म्हातारपणात डोकं फिरतं माणसाचं. मुलांचा काही संबंध नाही. पैसे नका देऊ, घर गेलं तर जाऊ दे, पण पोरांवर ठपका नको."

मला भरून आलं. या बाईंना भिंत धरल्याशिवाय न्हाणीघरापर्यंत जाता येत नव्हतं, आणि त्या मला एकटीने केलेल्या प्रवासाची गोष्ट सांगत होत्या. घर परत मिळावं म्हणून माझं मनगट धरणारी बाई मुलांसाठी तेच घर सोडून द्यायला निघाली होती.

रस्त्यावर आले आणि मध्येच थांबले.

माणूस खोटं बोलतो तेव्हा ज्यासाठी खोटं बोलायचं तेवढंच बदलतो. बाकी सगळं रोजचं, सवयीचं असतं तेच सांगतो. कोण गेलं, हे बाईंनी बदललं. पण दांडी कुठून कुठे फिरवली, हे कशाला बदलतील? त्या म्हणाल्या, उभी होती ती आडवी केली आणि पाणी सुटलं. जगात आडवी केली की पाणी बंद होतं. इतकी वर्षं त्या घरात राहिलेल्या बाईंना एवढं ठाऊक नसेल?

मला ते कपाटाचं कुलूप आठवलं, उलटं फिरणारं. आणि दांडीवरचा तो नवाकोरा बोल्ट.

मी तिथूनच थोरल्याला फोन लावला.

"दादा, खरं तेवढं बोला. तुम्ही घरी फिरकला नाहीत, मान्य. पण पाठवलेला प्लंबर कुठे भेटेल?"

त्याने गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं आणि हळू आवाजात पत्ता दिला.

५

संध्याकाळी ताईच्या बाहेरच्या खोलीत सगळे बसले होते. थोरला दाराजवळ, धाकटा खिडकीशी, ताई मधल्या खुर्चीत. तिघं तीन दिशांना तोंड करून. म्हाताऱ्या बाई पलंगावर, मांडीवर हात जुळवून.

"तुमच्यापैकी कुणीही मला खोटं सांगितलेलं नाही," मी सुरुवात केली. "एक मावशी सोडून."

बाईंनी मान खाली घातली.

"तुमच्या बाबांनी घरातलं सगळं स्वतः बसवलं, आणि बरंचसं उलटं बसवलं. बरोबर?"

"सदरे मात्र सुलटे शिवायचे," बाई पुटपुटल्या. धाकट्याला हसू आलं, त्याने ते दाबलं.

"मागचा कॉकही त्यातलाच. दांडी त्यांनी फिरवून बसवली होती. तुमच्या घरी आडवी म्हणजे चालू आणि उभी म्हणजे बंद. तुम्ही तिघं लहानपणापासून तेच शिकलात. बाहेरचा माणूस इथे चुकला असता, तुम्ही कधीच चुकला नसता."

तिघांनीही मान हलवली. एकमेकांकडे न बघता.

"दादांच्या एजंटने सांगितलं, नळाचं काम तपासून घ्या. दादांनी प्लंबर पाठवला. कुणाला बोलले नाहीत, कारण भांडण झालं असतं. बेकरीवाल्या बाईंना दिसलेला शीळ घालणारा माणूस तोच. मी आत्ता त्याला भेटून आले. त्याला दांडी उलटी दिसली. त्याने नवा बोल्ट घालून ती सरळ बसवली, आणि घरात कुणी नाही म्हणून पाणी बंद करून गेला. आता तुम्हीच सांगा, जाताना दांडी कशी होती?"

"आडवी," धाकटा म्हणाला.

"आडवी. मग तुम्ही आलात. नळाला पाणी नव्हतं, कारण ते खरंच बंद होतं. तुम्ही पाइप सोडवलात आणि नवा आणायला गेलात. आणि मग..."

मला पुढे बोलावं लागलं नाही. ताईने कानावरचं पेन काढून हातात घट्ट धरलं होतं.

"मी आडवी बघितली," ती हळू म्हणाली. "मला वाटलं, चालू आहे. मी उभी केली." तिचा आवाज फुटला. "बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, आतला आवाज आलाच नाही मला. म्हणजे मीच. आई, घर मी बुडवलं."

"तू कसली बुडवतेस," धाकटा उठून तिच्याजवळ आला. "पाइप मी उघडा टाकला. एक बूच मारलं असतं तर काही झालं नसतं."

"प्लंबर मी पाठवला," थोरला म्हणाला. "एक फोन केला असता दोघांना, तर हे घडलंच नसतं. माझीच चूक."

सकाळपासून तिघं हात झटकत होते, आता तिघंही दोष आपल्याकडे ओढत होते. थोरल्याने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला तो तसाच राहिला.

मी साहेबांना तिथूनच फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. घडलेलं सांगितलं. साहेब अडून बसले.

"पण तीन पॉलिसी, मॅडम?"

"साहेब, तीन छत्र्या घेतल्या म्हणून माणूस तिप्पट कोरडा राहतो का? नुकसान एकदाच भरून मिळतं, हे आपलंच कलम आहे. तिघांनी मिळून लबाडी करायची असती तर एकाने फक्त आगीची घेतली असती का? पाण्याने बुडणाऱ्या घराला? हे एकमेकांना न सांगता केलेलं आहे, आणि न सांगताच घर बुडालंय. चुकून झालेलं नुकसान आपण भरून देतो. बांधणीचं धाकट्याच्या पॉलिसीतून, सामानाचं ताईच्या. तसं लिहितेय."

"आणि अर्जात 'दुसरा विमा नाही' लिहिलं ते?"

"मुलांनी लिहिलं, त्यांना दुसऱ्याचं माहीत नव्हतं. सही आईची आहे, तिला तेव्हा अक्षर दिसत नव्हतं. डोळ्याच्या डॉक्टरांचा कागद जोडते."

साहेब म्हणाले, "पाठवा." आणि फोन ठेवून दिला.

६

निघताना बाईंनी मला पुन्हा जवळ बोलावलं. मुलं चहाचं बघायला आत गेली होती, आतून तिघांचे आवाज एकदम येत होते.

"अक्षर दिसत नव्हतं हे खरं," त्या म्हणाल्या. "पण तिघांनी तीन काढल्यात हे मला ठाऊक होतं. ते तुमच्यापासून लपवणार नाही."

"मग तिसऱ्या वेळी थांबवलं का नाहीत, मावशी?"

"कसं थांबवू? एकेक जण आला. एरवी दारातून विचारपूस करून जाणारं पोर त्या दिवशी कागद घेऊन दुपारभर बसलं. इथे सही कर, तिथे कर, आई तुला भीती नको. आणि म्हणालं, बाकीच्यांना सांगू नकोस. नको म्हटलं असतं तर उठून गेलं असतं." त्यांनी माझा हात थोपटला. "तीन दुपारी मिळाल्या मला, बाई. वर्षभरात तेवढ्याच."

मी खवट बाई आहे. तरी मला पायऱ्या उतरायला वेळ लागला. त्यांचं बोलणंही मी अहवालात लिहिलं, शब्दाला शब्द. साहेबांनी वाचलं आणि खाली सही केली.

दुरुस्ती झाली, भिंती वाळल्या, बाई घरी परतल्या. शेवटची पाहणी करायला मी गेले तेव्हा दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन होऊन दोन्ही पट्ट्या निघाल्या होत्या आणि स्वयंपाकघराच्या टेबलाभोवती तिघंही बसले होते. आता एकच पॉलिसी ठेवायची होती, बांधणी आणि सामान दोन्ही धरणारी. मीच दम दिला होता की सगळ्यांनी मिळून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय सही करायची नाही. ताई वाचत होती, धाकटा अडवून प्रश्न विचारत होता, थोरला घर पुन्हा बांधायला काय खर्च येईल ते काढत होता. कुणाचंही लक्ष घड्याळाकडे नव्हतं.

"घर बरेच दिवस बंद ठेवायचं असेल तर कंपनीला आधी कळवायचं," मध्येच बाई म्हणाल्या. "आणि शिलाई मशीन वेगळं नोंदवा, ते सामानात धरणार नाहीत." मी थक्क झाले. ते कलम पाठीमागच्या पानावर, बारीक अक्षरात होतं. माझ्या ऑफिसातल्या अर्ध्या लोकांना ते सांगता आलं नसतं.

वाचून संपलं. ताईने कागद आईपुढे सरकवले, धाकट्याने पेन दिलं. चौघांचा चहाही संपला होता, थोरला दुकानाची किल्ली चाचपत उठायच्या बेतात होता.

बाईंनी पेन हातात घेतलं, कागदाकडे नीट बघितलं, आणि पेन परत टेबलावर ठेवलं.

"मला काही कळलं नाही बाई यातलं," त्या म्हणाल्या. "परत पहिल्यापासून वाचा."

थोरला किल्ली खिशात घालून पुन्हा बसला, आणि ताईने पहिलं पान उघडलं.